खालचा डावा कोपरा

५ फेब्रुवारी

चाक्या,

अक्षर ओळखलं असशीलच. तरी पत्र न वाचताच फाडून टाकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही, आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. सहज लिहिते आहे. सहज म्हणजे, गेले काही दिवस कामावर माझं डोकं असं फिरलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही, आणि इथे ज्यांना सांगायचं ते सगळे ऐकून ऐकून विटले आहेत.

आमच्या लॅबमधले कॉम्प्युटर बदलले. डबे तेच आहेत, पण आतली सिस्टीम नवी घातली. शुक्रवारी घरी जाताना जुनी होती, सोमवारी येऊन बघते तर सगळं दुसरंच. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. आपल्याच घराची कुणीतरी रात्रीतून मांडामांड बदलावी आणि वर म्हणावं, बघा कसं छान दिसतंय, तसं झालं.

माझं काम तुला ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करायचे आणि वॉर्डात पाठवायचे. त्याची माझी एक पद्धत बसलेली होती. माऊस खालच्या डाव्या कोपऱ्याकडे भिरकवायचा. बघायचं नाही. स्क्रीनवरचा बाण कोपऱ्यात जाऊन आपोआप अडतो, पुढे जायला जागाच नसते. तिथे बटण. दाबलं की यादी उघडते, आणि यादीत कुठे काय ते हाताला पाठ. डोळे कागदावर आणि हात आपला चालू. आमच्याकडे रक्त काढणारी एक मुलगी आहे, तिला सगळे सुईवाली म्हणतात. ती म्हणायची, ताई, तुम्ही झोपेतसुद्धा रिपोर्ट पाठवाल.

आता ते बटण आलंय तळाशी मधोमध. बरं, तिथे तरी ठाम बसावं, तर तेही नाही. जास्त कामं उघडली की ते मेलं डावीकडे सरकतं. मी कोपऱ्यात माऊस फेकते आणि रिकाम्या जागी टिचक्या मारत बसते. याद्या गेल्या, त्या जागी नुसती चित्रं आली. नावं लिहायची लाज वाटते की काय यांना, कोण जाणे. पोरं म्हणतात, ताई, दोन दिवसांत सवय होईल. दोन दिवस कधीच होऊन गेले.

म्हणून मी तक्रार-अर्ज लिहिला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सुईवालीची घेतली, नमुने आणणाऱ्यांची घेतली, एवढंच काय, आमच्या डॉक्टरबाईंचीही. लॅबच्या त्या प्रमुख, पण सही करताना हसल्या. म्हणाल्या, ताई, तुम्ही मोर्चाच काढा. मी म्हटलं, काढीन.

तर असं. तुझी बस कशी आहे? तिला नाही ना कुणी नवी सिस्टीम घातली?

दोन्ही बाजूंना एवढे रुंद समास का सोडलेत असं म्हणशील. कागद फुकट घालवायची सवय लागली म्हण. आणि कपाळावर टेंगूळ आलंय म्हणून पत्र थोडं चिडकं वाटेल. कपाटाचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं. घरात मी एकटीच असते, तेव्हा कुणीतरी म्हणजे मीच.

ताई


२१ फेब्रुवारी

चाक्या,

उत्तर येणार नाही हे धरूनच होते, तेव्हा वाट पाहिली नाही. खोटं कशाला बोलू, पाहिली.

आज मात्र थट्टा करायला लिहीत नाही. माझ्या हातून एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. गेला नाही, हे आधी सांगते, म्हणजे तुझ्याही छातीत धडधड नको.

एखाद्याच्या रक्तात काही भयंकर निघालं, साखर फार खाली गेली असं काही, तर स्क्रीनवर लाल पट्टी येते. ती आली की हातातलं सोडून वॉर्डात फोन करायचा, हा नियम. जुन्या सिस्टीममध्ये ती पट्टी नाकासमोर यायची, ठणाणा करायची, आणि 'वाचलं' असं दाबेपर्यंत दुसरं काही करूच द्यायची नाही. नवीन सिस्टीम फार सभ्य आहे. तिची पट्टी उजव्या कोपऱ्यात खालून हळूच वर येते, आवाज नाही की काही नाही, थोडा वेळ थांबते आणि आपली आपण निघून जाते. दारात येऊन आत कुणी बोलावतंय का बघून परत जाणाऱ्या भिडस्त पाहुण्यासारखी.

ती आली आणि गेली. मी जागेवरच होते. डुलकी काढत नव्हते, गप्पा मारत नव्हते, स्क्रीनकडे तोंड करून दुसऱ्याचा रिपोर्ट टाइप करत होते. शेवटी वॉर्डातली सिस्टर स्वतः जिना उतरून विचारायला आली की त्या आजोबांचा रिपोर्ट कुठे आहे, ते हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत. मी शोधला. रिपोर्ट केव्हाचा तयार होता. साखर इतकी खाली होती की सिस्टर आकडा ऐकताच जिन्याकडे धावली.

आजोबा दोन दिवस अतिदक्षता विभागात होते. आता उठून बसतात, पेपर मागतात. त्यांची सून मला जिन्यात भेटली आणि माझे आभार मानून गेली. तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

इथे सगळे माझ्या बाजूने आहेत. सुईवाली तर भांडायलाच उठली, म्हणाली, आम्ही आधीच लिहून दिलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमची इतक्या वर्षांची नोकरी आहे, दोष सिस्टीमचा आहे, तसा खुलासा लिहा, मी सही करते. म्हणजे सुटले मी. माझाच अर्ज माझ्या कामी आला.

खुलासा अजून लिहिला नाही. कागद समोर ठेवला की दुसरंच काही आठवतं. परवा सुईवालीने माझ्या टेबलावर चहा ठेवला, डावीकडे. मी कोपराने पाडला आणि तिलाच ओरडले, न सांगता कशाला ठेवतेस म्हणून. ती म्हणाली, ताई, रोज तिथेच ठेवते.

पुढे लिहवत नाही. तू जेवून घे वेळेवर, डेपोत बसून नुसता चहा ढोसू नकोस.

ताई


९ मार्च

चाक्या,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच. आधीची दोन फेकली असलीस तरी चालेल, हे फेकू नकोस.

कॉम्प्युटरवाला आला होता सिस्टीम तपासायला. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, मॅडम, मी खोटी पट्टी पाठवतो, आली की सांगा. मी म्हटलं, पाठव. थोड्या वेळाने तो म्हणाला, दिसली? मी म्हटलं, कुठे आहे? म्हणाला, आत्ता गेली की. पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. मला वाटलं, बरं झालं, बिघाड सापडला. मग तो तिसरी पट्टी तशीच चालू ठेवून खालच्या वायरी बघायला वाकला, म्हणून त्याला काहीतरी विचारायला मी मान वळवली. आणि वळवता वळवता ती पट्टी मला दिसली. लालभडक, तळहाताएवढी. ती तिथेच होती. मी मान सरळ केली, ती गेली. वळवली, आली. असं मी तीन-चारदा केलं, चाक्या. कॉम्प्युटरवाला उठून बसला आणि माऊसच्या वायरीशी चाळा करत राहिला.

नाचता येईना अंगण वाकडं. महिनाभर मी अंगणाविरुद्ध सह्या गोळा करत होते.

जुनी सिस्टीम होती तोवर मला बघावं लागत नव्हतं, म्हणून कळलं नाही. कोपऱ्यात बटण आहे हे हाताला माहीत होतं. घरात उंबरा कुठे आहे, स्टूल कुठे आहे, हे पायांना माहीत होतं. माझी नजर कडेकडेने कधी निघून गेली कोण जाणे. वस्तू जागच्या जागी होत्या, तोवर मी डोळस होते.

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेले. तिथे एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवतात, हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावरची नजर हलवायची नाही, आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजेड चमकतो तेव्हा यंत्रातून कुईं असा आवाज येतो. माझ्या लक्षात आलं की आवाज येत राहतोय आणि उजेड काही दिसत नाही. तेव्हा मी काय केलं सांगू? आवाज आला की दाबायला लागले. या वयात परीक्षेत कॉपी. तपासणाऱ्या मुलीने यंत्र थांबवलं आणि अगदी हळू म्हणाली, मावशी, दिसलं तरच दाबा, मी मध्ये मध्ये नुसताच आवाजही करते. मग मी दाबलं नाही. बराच वेळ आवाज येत राहिले आणि मी बटण धरून नुसती बसून राहिले.

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. समोरचं नीट दिसतं, कडा गेल्यात, डावीकडच्या जास्त. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला औषधाचे थेंब, जन्मभर.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, वडिलांना, पण त्यांना मोतीबिंदू होता, पिकायची वाट बघत होतो, तो शेवटपर्यंत पिकलाच नाही. ते म्हणाले, त्यांना समोरचं दिसायचं का? मी म्हटलं, शिंपी होते, शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायचे. आणि चालताना? मी म्हटलं, चालताना स्टुलाला अडखळायचे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, तो मोतीबिंदू नव्हता.

अण्णांना कुणी नीट दाखवलंच नाही रे. शेजारच्यांनी सांगितलं मोतीबिंदू, पिकू द्या, मग काढतात. अण्णांनी ते धरून ठेवलं आणि आपणही धरून ठेवलं. आंबा आहे का तो, पिकायला.

आठवतं ना, ते रस्त्याच्या कडेवरून पडले आणि सायकल अंगावरून गेली, त्यानंतर मी दुकानाला कुलूप लावलं आणि शिवणयंत्र उचलून माळ्यावर टाकलं. मी त्यांना म्हटलं होतं, दोरा ओवता येतो आणि स्टूल दिसत नाही, हे कसलं सोंग आहे. आणि तू मला म्हणालास, त्यांचा दोरा चुकत नाही तोवर ते आंधळे नाहीत, तूच त्यांना आंधळं करून बसवते आहेस. ते वारले आणि तू निघून गेलास. आपण दोघं त्या एका दोऱ्यावरून भांडलो. तो दोरा त्यांना खरंच दिसत होता आणि स्टूल खरंच दिसत नव्हतं.

मी चुकले असं म्हणायला हे लिहीत नाही. कुलूप मी आजही लावीन, ते सायकलीऐवजी मोटारीखाली आले असते. पण यंत्र उचलून नेताना ते कसे हात मांडीवर ठेवून बसले होते, ते मला आता रोज दिसतं. मधोमध दिसतं.

डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं. याला दुखत नाही, खुपत नाही, कळतही नाही. चाक्या, लहानपणी सायकलचं नुसतं चाक काठीने पळवत फिरायचास, म्हणून हे नाव पडलं. आता तू बस चालवतोस. तुझ्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात आणि तुझ्या दोन्ही कडांना माणसं चालत असतात. पोरं चालत असतात.

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. मला स्पष्ट दिसतं, मला काय धाड भरली आहे. मीही तेच म्हणत होते, आणि सह्या घेत होते. आणि मनात म्हणशील, काही निघालं तर हातातलं स्टिअरिंग जाईल. जाईलही. मी तुझ्या डेपोत कळवणार नाही. एकदा कुलूप लावलं, यावेळी किल्ली तुझ्याकडे आहे. पण तपासून ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तपासून ये.

ताई


२८ मार्च

चाक्या,

मी डॉक्टरबाईंना खरं सांगितलं. खुलाशात लिहिलं की पट्टी आली होती, मला दिसली नाही, कारण मला कडेचं दिसत नाही, आणि हे कामावर रुजू असलेल्या कुणालाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, ताई, असं लिहायची गरज नव्हती. मी म्हटलं, आजोबांच्या सुनेने माझे आभार मानलेत, ते माझ्याने पचत नाहीत.

काढून टाकतील असं धरून मी टेबलाचा खण आवरून ठेवला होता. काढलं नाही. धोक्याच्या रिपोर्टची जबाबदारी माझ्याकडून काढून सुईवालीला दिली. टायपिंग माझ्याकडे ठेवलं. खुर्ची तीच, पण मान खाली. चालायचंच.

तुझ्या बायकोला फोन केला होता. कधी ना कधी करायचाच होता. ती बिचारी घाबरली, मग रडली, मग भाचीला फोन दिला. भाची मला आत्या म्हणाली. एवढीशी होती रे ती. तिने सांगितलं की माझी पत्रं येतात, तू वाचतोस, आणि शर्टाच्या खिशात ठेवून कामावर जातोस. तपासायला गेलास का विचारलं तर म्हणाली, बाबा त्यावर काही बोलत नाहीत, कुणी बोललं तर उठून जातात.

खिशात काय ठेवतोस? तो काय ताईत आहे? सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अण्णांचाच तू. तुझा राग माझ्यावर आहे ना, तो माझ्यावर काढ. डोळ्यांवर कशाला?

चिडले आहे, तेव्हा इथेच थांबते. गुरुवारी सकाळी माझी पुन्हा तपासणी आहे, त्याच डोळ्यांच्या हॉस्पिटलात, पहिल्या मजल्यावर. तुला बोलवत नाही. नुसतं कळवते.

ताई


१७ एप्रिल

चाक्या,

फोनवर तू रोज रात्री तीनच शब्द बोलतोस, 'ताई, थेंब घातले', आणि ठेवून देतोस. माझं 'बरं' सुद्धा पुरतं ऐकत नाहीस. तेव्हा जे बोलायचं ते पुन्हा कागदावरच.

कामावरचं आधी सांगते. कॉम्प्युटरवाला परवा आला आणि न मागता माझं बटण परत खालच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. तशी सोय त्यात पहिल्यापासून होती म्हणे. बाण मोठा केला, पट्टी मधोमध आणली, तिला आवाज दिला. मी अर्धा दिवस जुन्यासारखी माऊस फेकत बसले, फार बरं वाटलं. मग त्याला बोलावून म्हटलं, बाबा रे, पट्टी राहू दे, पण बटण मधे ने. तो म्हणाला, मॅडम, तुम्हीच तर अर्ज केला होता. मी म्हटलं, कोपऱ्यात असलं की मी बघत नाही. मधे असलं की बघावं लागतं. आता वर्गात नव्याने आलेल्या पोरीसारखी मान फिरवत काम करते. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग समोर. सुईवाली म्हणते, ताई, रस्ता ओलांडताय का.

आता त्या गुरुवारचं. डॉक्टरांनी तुझ्याही तपासणीचं सांगितलं तेव्हा तू भिंतीकडे बघत होतास, म्हणून ऐकलंस की नाही मला शंका आहे, पुन्हा लिहिते. तुझ्या डोळ्यांतला दाब वाढलेला आहे. नजर अजून पूर्ण आहे, कडांसकट. रोज रात्री थेंब घातलेस आणि सांगतील तेव्हा तपासून घेतलंस, तर बस चालवायला हरकत नाही. रोज म्हणजे रोज. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. आणखी दोन-तीन वर्षं तसाच राहिला असतास तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आपण दोघांनीही विचारलं नाही.

बाहुल्या मोठ्या करायचं औषध दोघांच्याही डोळ्यांत घातलेलं, बाहेर ऊन भकभकीत, आणि तुला काही जवळचं दिसेना, मला काही कडेचं. जिना उतरताना कोण कुणाला धरत होतं ते आता सांगता येणार नाही. तू एकदाच बोललास. म्हणालास, अण्णा असेच उतरायचे. मी पायाने पुढची पायरी चाचपत राहिले.

आणि एक लिहायचं राहिलंय, ते मुख्य. सकाळी मी बाकावर नंबर यायची वाट बघत बसले होते. नर्सने विचारलं, सोबत कुणी आहे का? मी म्हटलं, कुणी नाही. डावीकडची जागा रिकामी दिसली म्हणून पिशवी उचलून तिथे ठेवली. तर पिशवी म्हणाली, ताई, मांडीवर ठेवलीस.

तू आधीच येऊन बसला होतास. किती वेळ बसला होतास, मी 'कुणी नाही' म्हणाले ते ऐकलंस का, हे मला सांगू नकोस. मी रात्रभर मनाशी म्हणत होते की तू येणार नाहीस, आणि तू शेजारी बसला होतास आणि माझ्या लेखी तिथे कुणी नव्हतं. डॉक्टर आकृती काढून समजावत होते, तेव्हा माझं किती गेलंय ते मला कळलं नव्हतं. ते तेव्हा कळलं.

ऑक्टोबरात आपल्या दोघांचाही नंबर एकाच दिवशी लावून घेतला आहे. बायकोला आणि भाचीला आण, जेवायला घरी या, मी स्टुलं सगळी भिंतीला लावून ठेवते. आणि हॉस्पिटलात आलास की शेजारी बसू नकोस. समोर बस. समोरचं मला अजून दिसतं.

ताई